अर्धा मिलिमीटर

इनामगावचे लोक तीन हजार वर्षांपूर्वी जव पिकवत होते, असं वाचलं आणि प्रश्न पडला. त्या शेतकऱ्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेलं नाही, मग हे कळलं कसं? घोड नदीकाठच्या या वसाहतीचं उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलं. म्हणून त्या कॉलेजातच गेले आणि प्राचीन धान्यांवर पीएचडी करणाऱ्या एका मुलीशेजारी बसले.

उत्खननातली माती पाण्यात ढवळायची, तरंगून वर येईल ते चाळणीत धरायचं, सावलीत वाळवायचं. चाळणीचं भोक अर्ध्या मिलिमीटरचं. ‘‘याहून मोठं घेतलं तर तणाचं बी निसटतं,’’ ती म्हणाली. तण गेलं की शेत ओलिताचं होतं की कोरडवाहू, हे सांगणारा साक्षीदारच जातो. सगळी भिस्त त्या अर्ध्या मिलिमीटरवर.

न जळलेला दाणा आपल्या हवेत कुजून जातो. पूर्ण पेटला तर त्याची राख होते. चुलीत सांडून, राखेखाली कमी हवेत करपलेला तेवढा टिकतो. कुणा बाईच्या हातून निसटलेली चिमूटभर नासाडी, तोच आज पुरावा आहे.

खोलीत ओल्या मातीचा वास भरून होता. सूक्ष्मदर्शकाखाली तिने ब्रशच्या टोकाने एक काळा दाणा उलटा केला. पोटावरची खाच पाहिली, आजचे जव मुद्दाम जाळून केलेल्या नमुन्यांशी ताडली, पुन्हा उलटा केला. बराच वेळ गेला. मग वहीत खड्डा, थर आणि खोली यांच्यापुढे लिहिलं : ‘जव?’

ते प्रश्नचिन्ह माझ्या मनातून जात नाही. एक टोक झिजलेलं होतं, म्हणून ते आलं. खोडलं असतं तर तक्त्यात एक आकडा वाढला असता आणि कुणालाही कळलं नसतं. तिच्या वहीत अशी चिन्हं पानापानावर आहेत. म्हणूनच जिथे ती नाहीत, तिथे माझा पूर्ण विश्वास बसतो.

राजांचा इतिहास ताम्रपटांतून मिळतो. नांगरणाऱ्यांचा आणि रांधणाऱ्यांचा मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या भोकावर अडतो, तेवढाच. तो वेचायला वर्षं लागतात. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली म्हणून एखादं प्रश्नचिन्ह खोडावंसं वाटेल, अशी वेळ या मुलांवर येऊ न देणं ही विद्यापीठांची जबाबदारी आहे.