राउटर निवडताना : हाती धरण्यासाठी की टेबलाखाली बसविण्यासाठी?

विद्यालयाच्या सुतारकाम वर्गात शिकून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज फर्निचरच्या व्यवसायात स्थिरावले आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला ते येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, राउटर घ्यायचा आहे. हातानेही चालवता यावा आणि टेबलालाही लावता यावा. कोणता घेऊ?" मुलासाठी पहिले यंत्र घेऊ पाहणारे पालकही हेच विचारतात. अशी खरेदी बहुधा काही महिन्यांच्या बचतीतून होते. निवड चुकली तर पैसा वाया जातोच, शिवाय बोटांनाही धोका संभवतो. म्हणून आम्हास अनुभवाने जे कळले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

राउटर हे उभ्या मोटरीला धारदार बिट बसविलेले यंत्र होय. कडेची गोलाई, फळीतील खाच, सांध्याची झिरी ही जी कामे पूर्वी पटाशी व रंधा घेऊन तासन्‌तास करावी लागत, ती हे यंत्र काही मिनिटांत करते. बाजारात त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. ५०० ते ७०० वॅटचा ट्रिमर वजनाने दीड-दोन किलोचा असतो व ६ मिमी दांड्याचे बिट घेतो. सनमायकाची कड साफ करण्यास तो उत्तम. १२०० ते १६०० वॅटचा मध्यम राउटर तीन ते चार किलोचा असतो. २००० वॅटच्या पुढील मोठा राउटर १२ मिमी दांड्याचे बिट घेतो. त्याचे वजन पाच-सहा किलोंपर्यंत जाते.

अडचण अशी की, दोन्ही कामांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. हाती धरण्याचे यंत्र हलके, ठेंगणे आणि बिट नीट दिसेल असे असावे. टेबलाखाली मात्र वजनाचा भार हातावर येत नाही. तेथे ताकद व स्थिरता हवी. केवळ वॅट पाहून सर्वांत मोठे यंत्र घेतले, तर नवशिक्याचे मनगट ते पेलू शकत नाही. उलट ट्रिमर टेबलाखाली बसवून त्याच्याकडून दरवाजाच्या चौकटीचे नक्षीकाम करून घेऊ पाहिले, तर मोटर तापते आणि बारीक दांडा वाकण्याची वा तुटण्याची भीती राहते. १२ मिमीचा दांडा ६ मिमीच्या दांड्यापेक्षा वाकण्यास सुमारे सोळापट अधिक विरोध करतो, हे येथे ध्यानी घ्यावे.

दुकानात यंत्र हाती घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात. बिटाचा दांडा पकडणारा कॉलेट कोणत्या मापाचा आहे? वेग कमी-जास्त करता येतो काय? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर १२ मिमी बिटाची धार ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेगाने धावते. ५० मिमी बिटाची धार त्याच फेऱ्यांवर ताशी सुमारे २२६ किलोमीटर गाठते. म्हणून बिट २५ मिमीहून रुंद झाले की वेग १८,००० पर्यंत आणि ५० मिमीच्या पुढे १६,००० वा त्याहून खाली आणावा. टेबलाखाली असताना बिटाची उंची वरूनच बदलता येते काय, तेही पाहावे. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते काय, हेही विचारावे. भारनियमनाच्या गावात हा प्रश्न कधीही विसरू नये. कार्बन ब्रश व कॉलेट जवळच्या बाजारात मिळतात, याचीही खात्री करावी.

आता आमचीच एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. विद्यार्थ्यांना आम्ही राउटर हातानेच चालविण्यास शिकविले होते : फळी समोर ठेवावी आणि जवळच्या कडेवरून यंत्र डावीकडून उजवीकडे न्यावे. पुढे तेच यंत्र टेबलाखाली उलटे बसविले. यंत्र उलटे झाले की वरून पाहणाऱ्यास बिटाचे फिरणेही उलटे दिसते. म्हणून तेथे फळी उजवीकडून डावीकडे सरकवावी लागते. हे आम्ही सांगितले नव्हते. एका मुलाने जुन्या सवयीने फळी डावीकडून घातली. बिटाने ती हातातून हिसकावून भिंतीवर फेकली. त्याचा हात बचावला, हे केवळ सुदैव. चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती. त्या दिवसापासून टेबलावर फळी सरकविण्याची दिशा दाखविणारा बाण रंगविलेला आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा. काम मुख्यतः प्लायवूड व सनमायकाचे असेल, तर आधी ट्रिमर घ्यावा व टेबलाचा विचार पुढे ढकलावा. दोन्ही कामे खरोखरच करावयाची असतील, तर वेग बदलता येणारा, १२ मिमी कॉलेटचा मध्यम राउटर पाहावा. त्याची मोटर बैठकीतून काढता येत असेल व दोन बैठका मिळत असतील, तर एक कायम टेबलाखाली ठेवावी आणि दुसरी हातकामासाठी वापरावी. मोठे यंत्र टेबलाचे काम नियमित मिळू लागल्यावरच घ्यावे.

यंत्र कोणतेही असो, बिट बदलताना प्लग काढावा. खोल खाच एका फेरीत न घेता थोडी थोडी घ्यावी. चष्मा, कानरक्षक व मास्क वापरावा, कारण लाकडाची भुकटी फुप्फुसांना घातक असते. खरेदीपूर्वी काम चालू असताना आपले दोन्ही हात कोठे असतील याचा विचार करावा आणि मगच वॅटचा आकडा पाहावा. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे अनुभव उपयोगी पडोत, एवढीच अपेक्षा.