अपरिचिताचा शोक : अँथनी बोर्डेन यांच्या मृत्यूनंतरच्या लोकप्रतिक्रिया

मृत्यूनंतर शोक कोणी, किती दिवस व कोणत्या रीतीने करावा हे परंपरागत समाजात नात्यावरून ठरते. सुतक कोणास लागते हे विचारावे लागत नाही. समाचाराला कोणाच्या दारी जावे याविषयीही संदेह नसतो. परंतु जिच्याशी रक्ताचे, गावाचे वा व्यवसायाचे कसलेच नाते नाही, जिची प्रत्यक्ष भेटही कधी झालेली नाही, अशा व्यक्तीच्या मृत्यूने माणसे खरोखरीच व्याकूळ होतात तेव्हा त्या शोकास असे ठरलेले दार नसते. लोकशोकाच्या अभ्यासास या अडचणीपासूनच आरंभ करावा लागतो. अमेरिकन आचारी, लेखक व प्रवासी अँथनी बोर्डेन यांच्या मृत्यूनंतर उमटलेल्या प्रतिक्रिया या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

बोर्डेन यांचा मृत्यू ८ जून २०१८ रोजी फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील कायझर्सबर्ग येथे झाला. त्यांचे वय त्या वेळी ६१ वर्षांचे होते. 'पार्ट्‌स अननोन' या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणासाठी ते तेथे उतरले होते. सोबत असलेले त्यांचे स्नेही, प्रसिद्ध आचारी एरिक रिपेर यांनाच ते प्रथम मृतावस्थेत आढळले. मृत्यू स्वतःच्या हातून झाला होता, व त्यात इतर कोणाचा हात नसल्याचे तेथील सरकारी अभियोक्त्यांनी स्पष्ट केले.

वार्ता पसरताच न्यूयॉर्कमध्ये लोक फुले व चिठ्ठ्या घेऊन पार्क ॲव्हेन्यू साउथवरील 'ले हाल' या उपाहारगृहापाशी जमू लागले. बोर्डेन १९९८ पासून तेथे मुख्य आचारी होते, व त्यांच्या लेखनाने त्या जागेस कीर्ती मिळवून दिली होती. पण ते उपाहारगृह त्याआधीच बंद पडले होते. कुलूप लागलेल्या दारावर आणि रिकाम्या काचांवर लोकांनी चिठ्ठ्या डकवल्या. समाचाराला जाण्यासाठी घर नव्हते म्हणून लोकांनी एक दार निवडले, आणि ते निवडताना दूरचित्रवाणी कंपनीच्या कचेरीपेक्षा मुदपाकखान्याचे दार त्यांना जवळचे वाटले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

अशा शोकाची उपपत्ती सांगताना डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांच्या १९५६ मधील निबंधाचा आधार सामान्यतः घेतला जातो. दूरचित्रवाणीवरील व्यक्ती प्रेक्षकाशी प्रत्यक्ष बोलल्यासारखी बोलते, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात परिचयाचा भास निर्माण होतो. ही जवळीक मात्र एकतर्फी असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बोर्डेन यांच्या बाबतीत ही उपपत्ती पुष्कळ अंशी लागू पडते. तरीही ती पुरेशी नाही. शोक करणाऱ्यांत असे अनेक होते की ज्यांचे नाते भासमात्र नव्हते.

यांपैकी पहिला वर्ग स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचा. १९९९ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात प्रसिद्ध झालेला लेख आणि २००० मधील 'किचन कॉन्फिडेन्शियल' हे पुस्तक यांतून बोर्डेन यांनी उपाहारगृहाच्या पडद्यामागील जग उघड केले. तेथील भाजणे, कापणे, शिवीगाळ, व्यसने आणि त्यातूनही टिकणारा कारागिरीचा अभिमान हे सर्व त्यांनी आतल्या माणसाच्या भाषेत लिहिले. अमेरिकेतील उपाहारगृहे मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कामगारांच्या बळावर चालतात, हे ते वारंवार व जाहीरपणे सांगत. ज्यांना गिऱ्हाईक कधी पाहत नाही अशांना त्यांनी पाहिले होते. हे मोजता येण्याजोगे ऋण होय.

दुसरा वर्ग त्यांच्या यजमानांचा. वॉशिंग्टन पोस्टचे तेहरानमधील वार्ताहर जेसन रेझायान व त्यांच्या पत्नी २०१४ मध्ये इराणवरील भागात सहभागी झाले; त्यानंतर थोड्याच आठवड्यांत दोघांना अटक झाली. रेझायान जानेवारी २०१६ मध्ये सुटले. मधल्या काळात बोर्डेन यांनी त्यांच्या सुटकेसाठी सतत आवाज उठविला होता, पुढे त्यांचे आत्मकथन प्रकाशित करण्याचेही अंगावर घेतले होते. पॅलेस्टिनी लोकांना त्यांनी जेवणारी, मुले वाढविणारी, चारचौघांसारखी माणसे म्हणून दाखविले. त्याबद्दल २०१४ मध्ये मिळालेला सन्मान स्वीकारतानाचे त्यांचे भाषण मृत्यूनंतर पुन्हा पुष्कळ ठिकाणी पाहिले गेले. बराक ओबामा यांनी मे २०१६ मधील हनोईच्या जेवणाचे छायाचित्र प्रसृत केले. प्लास्टिकच्या ठेंगण्या स्टुलांवर बसून दोघांनी 'बुन चा' खाल्ला होता व सहा डॉलरांचे बिल बोर्डेन यांनी भरले होते. राष्ट्राध्यक्षपद भूषविलेल्या मनुष्यासही शोकप्रसंगी एका पंक्तीला बसल्याचीच आठवण द्यावीशी वाटली.

तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा वर्ग निव्वळ प्रेक्षकांचा. यांच्या शोकात मात्र एक वेगळाच सूर लवकरच मिसळला : ज्याला जगातील सर्वांत हेवा वाटावा असा उद्योग लाभला, त्याने असे का करावे? वरील दोन वर्गांस हा प्रश्न पडला नसेल असे नाही. परंतु ज्यांच्यापाशी आठवण होती त्यांना आठवण सांगता आली. ज्यांच्यापाशी केवळ प्रतिमा होती त्यांची प्रतिमाच भंगली, आणि भंगलेली प्रतिमा सांधण्यासाठी त्यांना कारण हवे होते. कारणाचा शोध बघता बघता दोषी व्यक्तीच्या शोधात बदलला. बोर्डेन यांची स्नेही, इटालियन अभिनेत्री आसिया अर्जेंतो यांच्यावर समाजमाध्यमांतून दोषारोपांचा वर्षाव झाला. स्वतः शोकग्रस्त असलेल्या व्यक्तीस अपरिचितांनी जाब विचारावा, हा लोकशोकाचा सर्वांत क्रूर पैलू म्हटला पाहिजे.

एकाच व्यक्तीत किंवा एकाच घटनेत कारण शोधण्याची ही पद्धत शास्त्रीय ज्ञानाशी विसंगत आहे. वेशरचनाकार केट स्पेड यांचा ५ जून रोजी तशाच प्रकारे मृत्यू झाला होता, आणि ७ जून रोजी, म्हणजे बोर्डेन यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपला अहवाल प्रसिद्ध केला होता. १९९९ ते २०१६ या काळात जवळजवळ प्रत्येक राज्यात आत्महत्यांचे प्रमाण वाढले, २५ राज्यांत ही वाढ ३० टक्क्यांहून अधिक होती, आणि कारणे नेहमी अनेक व परस्परांत गुंतलेली असतात, असे त्यात नमूद होते. दोन नावांपुढे या आकड्यांकडे लक्ष गेले ते थोडेच. पण एरवी तेवढेही गेले नसते.

वृत्तलेखनाचा प्रश्न याहून निकडीचा आहे. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांनी अशा वृत्तांच्या प्रसिद्धीनंतर आत्महत्या वाढतात हे दाखविले व ग्योटेच्या १७७४ मधील कादंबरीच्या नायकावरून त्यास 'वेर्थर परिणाम' असे नाव दिले. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांच्या ऑगस्ट २०१४ मधील मृत्यूनंतर त्या वर्षअखेरपर्यंत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ मृत्यू अधिक झाले, म्हणजे सुमारे १० टक्के, असे २०१८ मधील एका अभ्यासात आढळले. मृत्यूची रीत वर्णू नये, मथळ्यात ती देऊ नये, मदत कोठे मिळेल ते सांगावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे संकेत यासाठीच आहेत. बोर्डेन यांच्या बाबतीत अनेक पत्रांनी मदतकेंद्राचा क्रमांक छापला, आणि त्याच मजकुरात रीतही सांगितली. इंग्रजीत या कृत्यासाठी गुन्ह्याचे क्रियापद वापरू नये असा आग्रह आहे. मराठीत तर नामातच 'हत्या' बसलेली असल्यामुळे तेवढ्याने भागण्यासारखे नाही.

मालिकेचे अखेरचे भाग २०१८ च्या उत्तरार्धात दाखविण्यात आले. त्यांपैकी केनियावरील भागातच बोर्डेन यांचे निवेदन पुरे झालेले होते. उरलेल्या भागांत ते दिसतात, इतरांशी बोलतात, पण प्रेक्षकाला उद्देशून बोलणारा तो परिचित आवाज नाही. हॉर्टन व वोल यांनी वर्णिलेली जवळीक ज्या आवाजावर उभी होती तोच काढून घेतला गेला, आणि निर्मात्यांनी ती पोकळी तशीच राहू दिली. २०२१ मधील 'रोडरनर' या माहितीपटाने नेमके उलट केले. बोर्डेन यांनी लिहिलेली पण कधी न उच्चारलेली काही वाक्ये संगणकाने घडविलेल्या त्यांच्या आवाजात त्यात ऐकविण्यात आली, व तसे प्रेक्षकांस सांगितले गेले नाही. दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिल यांनी निकटवर्तीयांच्या संमतीचा हवाला दिला. बोर्डेन यांच्यापासून विभक्त झालेल्या पत्नीने आपण अशी संमती दिल्याचे जाहीरपणे नाकारले.