पाणी उकळले तरी हे विष जात नाही!

'पाणी उकळून, गाळून प्या' असे आपण मुलांना नेहमी सांगतो. ते बरोबरच आहे. पण एका बाबतीत हा उपाय चालत नाही.

तळ्याच्या पाण्यावर कधी कधी हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण बऱ्याचदा ते नीलहरित जीवाणू म्हणजेच सायनोबॅक्टेरिया असतात. खते व सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस मिळाले, त्यात ऊन आणि साचलेले पाणी असले की ते भराभर वाढतात. त्यांच्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन हे विष यकृताला, तर ॲनाटॉक्सिन मज्जासंस्थेला इजा करते.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात, ईरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडले. सुमारे ४ लाख लोकांना सांगण्यात आले, पाणी पिऊ नका आणि उकळूही नका! असे का? उकळल्याने जीवाणू मरतात, पण विष तसेच राहते. उलट पेशी फुटून आतले विषही पाण्यात मिसळते.

१९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे डायलिसिसच्या पाण्यातून हे विष थेट रुग्णांच्या रक्तात गेले आणि ५० च्या आसपास रुग्ण दगावले.

असा प्रत्येक थर विषारी असतोच असे नाही, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून मुलांना एवढे नक्की सांगूया: हिरवा थर असलेल्या पाण्यात पोहायचे नाही, ते प्यायचे नाही आणि गुरांनाही पाजायचे नाही.