कैरीचा पास्ता

एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर कैऱ्यांचे ढीग दिसले, की पन्हं आणि मेथांबा आठवतो. त्याच कैरीचा पास्ताही सुरेख होतो. इटलीत लिंबाचा रस आणि साल घालून स्पॅगेटी करतात, तिथे लिंबाच्या जागी कैरी.

दोघांसाठी 200 ग्रॅम स्पॅगेटी, 2 लिटर पाणी आणि 20 ग्रॅम मीठ. पाकीट ड्युरम गव्हाचं घ्या. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. मैद्याचा पास्ता लगेच गिचका होतो. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधीच एक शेव तोडून पाहा: मधे पांढरा ठिपका दिसला की गाळा. पण वाटीभर पाणी राखून ठेवा. पास्त्याचं सगळं मर्म या गढूळ पाण्यात आहे. त्यातल्या पिष्टामुळे तेल आणि पाणी एकजीव होऊन शेवेला चिकटतं.

तेलात लसूण-मिरची परता, पास्ता आणि ते पाणी घाला, चकचकीत होईस्तोवर हलवा. गॅस बंद करून मगच अर्ध्या कैरीचा कीस आणि किसलेलं चीज घाला. कैरी शिजली तर तिचा करकरीतपणा जातो. क्रीम मात्र नको, आंबटाने ते फाटू शकतं.

पिकलेला हापूस घालायचा मोह होईल. घालाच, पण थंड पास्त्यात, फोडी करून. आचेवर त्याचा वास उडून जातो.