विकत घेतलेला आणि हरपलेला खेळ

सारीपाटाचे कापड विरले तरी खडूने जमिनीवर पट आखून डाव मांडता येतो. संगणकावरील खेळांचे तसे नाही. 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचेच पाहा. फ्रान्समधील युबिसॉफ्ट कंपनीने तो २०१४ साली विक्रीस आणला. न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंतची अमेरिका त्यात लहान करून बसविलेली होती. पाऊण तासात हा किनारा सोडून तो गाठावा, वाटेत बर्फाचे डोंगर लागावेत, वाळवंट लागावे. कित्येकांना शर्यतीपेक्षा ही भटकंतीच अधिक प्रिय होती.

परंतु एकट्याने खेळावयाचे झाले तरी कंपनीच्या सर्व्हरशी अखंड संपर्क लागे. यंत्रणेच्या व परवान्यांच्या अडचणी सांगून कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद केले, आणि घरोघरच्या तबकड्या निरुपयोगी झाल्या. तिचे म्हणणे असे की, ग्राहकाने खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना घेतला होता. परवाना रद्द होतो हे आम्हां सरकारी नोकरांस कोणी शिकवावयास नको. पण आम्हांला आधी धारकाचे म्हणणे तरी ऐकून घ्यावे लागते!

त्याच वर्षी रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ आरंभिली. सर्व्हर कायम चालवा, अशी तिची मागणी नाही. जाताना खेळ खेळण्याजोगा ठेवून जा, एवढेच. युरोपीय संघातील तिच्या अर्जावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. दरम्यान 'द क्रू २' संपर्कावाचून खेळता येईल, असे कंपनीने जाहीर केले होते. पहिल्या खेळास मात्र ती सोय लाभली नाही.