हलवा (संक्रांतीचा)

हा लेख मकरसंक्रांतीला केल्या जाणाऱ्या साखरेच्या काटेरी दाण्यांविषयी आहे. गाजर, दुधी भोपळा इत्यादींचे मऊ पक्वान्न आणि हलवा नावाचा समुद्री मासा हे वेगळे विषय आहेत.

हलवा, तिळाचा हलवा किंवा काटेरी हलवा हा महाराष्ट्रात मकरसंक्रांतीनिमित्त केला जाणारा साखरेचा कोरडा खाद्यपदार्थ आहे. तीळ, खसखस यांसारख्या बारीक दाण्यावर साखरेच्या पाकाची पुटे एकावर एक चढवून तो तयार होतो. पूर्ण झालेला दाणा पांढराशुभ्र व टणक असतो आणि त्याच्या सर्वांगावर लहान लहान टोके असतात. या टोकांना ‘काटा’ म्हणतात. हलव्याची प्रत काट्यावरूनच ठरते. साखर, पाणी आणि तीळ एवढेच साहित्य लागत असले तरी घरगुती गोड पदार्थांत हलवा अवघड समजला जातो. कारण त्यातील कौशल्य साहित्यात नसून पाक सुकू देण्याच्या गतीत आहे.

नाव

हलवा हा शब्द ‘गोड’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. मिठाई करणाऱ्यास हलवाई म्हणतात, तेही त्याच शब्दावरून. मराठीत संक्रांतीच्या संदर्भात नुसता ‘हलवा’ म्हटले की काटेरी दाणेच अभिप्रेत असतात.

साहित्य आणि प्रमाण

हलव्याच्या गाभ्यासाठी तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, कलिंगड वा खरबुजाच्या बिया, लवंग, शेंगदाणे, डाळे इत्यादी वापरतात. गाभ्याच्या आकारानुसार हलव्याचा आकार बदलतो, आणि दागिने करताना या भिन्न आकारांचा उपयोग होतो.

प्रथमच करणाऱ्याने एक चहाचा चमचा पांढरे तीळ, पाव किलो साखर, साखरेच्या वजनाच्या निम्मे पाणी आणि एक चमचा दूध घ्यावे. एवढे थोडे तीळ पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते, परंतु त्यामागे साधा हिशेब आहे. एक हजार तिळांचे वजन सुमारे ३ ग्रॅम भरते. त्यांतील प्रत्येक दाणा ६ मिलिमीटर व्यासाचा झाला, तर सर्वांचे मिळून वजन दीडशे ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे तयार हलव्यात तीळ नाममात्र असतो आणि बाकी सर्व साखर असते. मूठभर तीळ घेतल्यास साखर कितीही घातली तरी दाणे बारीकच राहतात.

पाक

साखर व पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. उकळी आल्यावर दूध घालावे. दुधातील प्रथिने उष्णतेने गोठतात, साखरेतील मळ त्यांत अडकतो आणि फेसाबरोबर वर येतो. ही मळी झाऱ्याने काढून टाकावी व पाक स्वच्छ पातळ कापडातून गाळून घ्यावा. मळी नीट न काढल्यास हलव्याला पिवळट छटा येते.

गाळलेला पाक पुन्हा उकळून एकतारी करावा. पाकाचा थेंब किंचित निववून अंगठा व तर्जनी यांमध्ये धरला आणि बोटे अलग केली असता एक तार निघाली, की पाक झाला असे समजावे. काही घरांत लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घालतात. पाकात अकाली खडे होऊ नयेत, हा त्याचा हेतू. रस अधिक झाल्यास मात्र साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते. या दोन शर्करा सहज सुकत नाहीत, त्यामुळे हलवा चिकट राहतो. रंगीत हलवा हवा असल्यास थोड्या पाकात केशर किंवा खाद्यरंग मिसळावा.

कृती

परंपरेने हलवा कोळशाच्या शेगडीवर, निखाऱ्यांवर राख पसरून, कलई केलेल्या पितळी परातीत केला जात असे. गॅसवर करताना ज्योत अगदी बारीक ठेवून तिच्यावर जाड तवा व तव्यावर परात ठेवल्यास तसाच सौम्य शेक मिळतो. परात हाताला सोसवेल इतकीच तापलेली असावी.

परातीत तीळ घालून कोमट करावेत. ते भाजू नयेत. त्यांवर अर्धा चमचा गरम पाक घालावा आणि तीळ बोटांनी गोलाकार फिरवत राहावे. प्रथम ते एकमेकांस चिकटतात; ते बोटांनीच सोडवावेत. पाक पूर्ण सुकून तीळ सुटे झाले आणि परातीत खुळखुळू लागले, की पुढचा अर्धा चमचा पाक घालावा. हाच क्रम शेवटपर्यंत चालू ठेवावा. उरलेला पाक कोमट राहील अशी व्यवस्था करावी व तो दाट झाल्यास त्यात थोडे पाणी घालून पुन्हा उकळावा.

पहिल्या काही पुटांनंतर तीळ केवळ पांढरे दिसतात. पुढे दाण्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो व त्यातून हळूहळू काटा उभा राहतो. परातीच्या बुडाला साखर चिकटली तर दाणे बाजूला काढून परात ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. हलवताना पडणारी साखरेची पूड चाळून काढावी. ती पाकात पुन्हा विरघळवता येते. घरगुती हलवा एका बैठकीत क्वचितच पूर्ण होतो. रोज काही तास याप्रमाणे दोन-तीन दिवस तरी लागतात. मधल्या वेळात दाणे पातळ कापड झाकून कोरड्या जागी ठेवावेत.

काटा येण्याचे कारण

२० अंश सेल्सियस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या वर. म्हणून उकळून आटवलेला पाक निवू लागला किंवा त्यातील पाणी उडू लागले, की जास्तीची साखर स्फटिकरूपाने बाहेर पडते. हलव्यात ही क्रिया दाण्यावरच्या पातळ थरात घडते, आणि थर पातळ असल्याने स्फटिक अतिशय बारीक होतात. हलव्याचा शुभ्र रंग या बारीक स्फटिकांमुळेच दिसतो.

काट्याचे स्पष्टीकरण सामान्यतः असे दिले जाते. लोळणारा दाणा परातीला टेकतो तो आपल्या उंचवट्यावर. परातीवरचा पाक आधी उंचवट्याला लागतो व तेथेच आधी सुकतो, त्यामुळे उंच भाग अधिक उंच होत जातो. एकदम पुष्कळ पाक घातल्यास तो खोलगट भागांत उतरून ते भरून काढतो आणि दाणा गुळगुळीत होतो. थोडा पाक, मंद आच आणि सतत हालचाल या तिन्ही सूचना या एकाच कारणापोटी आहेत. संक्रांतीच्या दिवसांतील थंड व कोरडी हवाही पाक सुकण्यास अनुकूल असते; पावसाळी दमट हवेत हलवा चिकटतो.

घरातील इतर गोड पदार्थांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. खडीसाखरेत स्फटिकांना सावकाश वाढू दिले जाते, म्हणून ते मोठे व पारदर्शक होतात. चिक्कीचा पाक बराच पुढे नेऊन झटपट थापतात, त्यामुळे स्फटिक न बनता तो काचेसारखा कडक होतो. गुढीपाडव्याच्या गाठी साच्यात ओतून करतात. साखरफुटाणे मात्र हलव्याचेच भाऊबंद होत. त्यांतही फुटाण्यांवर पाक चढवला जातो.

अन्य देशांतील सदृश पदार्थ

बिया व मसाल्यांवर साखर चढवण्याची पद्धत युरोपातही जुनी आहे. तेथे बडीशेप, धणे इत्यादींवर पाकाची पुटे देत. जपानमधील ‘कोंपेइतो’ ही काटेरी गोळी हलव्याशी विशेष साम्य दाखवते. तिचे नाव मिठाईवाचक पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या पोर्तुगीज धर्मप्रसारकाने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ही मिठाई भेट दिली होती. तिची टोके सपाट न होता वाढत का जातात, या प्रश्नाने तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञालाही आकर्षित केले होते.

हलव्याचे दागिने

विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नववधूला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. त्यांत मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, नथ, बिंदी इत्यादींचा समावेश असतो. काळ्या वस्त्रावर पांढरा हलवा उठून दिसतो. जावयासाठी हार व गुच्छ करतात. लहान मुलांच्या बोरन्हाणात मुलाला मुकुट, हार, बासरी असे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे व हलवा यांचे मिश्रण ओततात आणि जमलेली मुले ते वेचून खातात.

पूर्वी दागिन्यांसाठी हलवा दोऱ्यात गुंफत असत. हल्ली तो पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलाही जातो; असा हलवा खाऊ नये.

सामान्य दोष व उपाय

काटा न येणे: पाक एका वेळी जास्त पडतो किंवा आधीचे पूट ओले असतानाच पुढचे दिले जाते. पाकाचे प्रमाण निम्मे करावे.

दाणे एकमेकांस चिकटणे: पाक फार पातळ असतो किंवा हात थांबतो. दाणे सुटे करून, पूर्ण वाळवून मगच पुढे जावे.

पूड फार पडणे: पाक प्रमाणाबाहेर दाट झालेला असतो किंवा आच तीव्र असते. पाकात पाणी घालावे व आच कमी करावी.

तांबूस छटा येणे: परात जास्त तापल्याने साखर करपते. रंग परत जात नाही, म्हणून असे दाणे वेगळे काढावेत.

दक्षता व साठवण

उकळता पाक त्वचेला चिकटून खोलवर भाजतो. मुलांना दाणे हलवण्याच्या कामात घ्यावे, परंतु पाक करताना दूर ठेवावे. टणक दाणे अगदी लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून बोरन्हाणात वडीलधाऱ्यांनी लक्ष ठेवावे. तयार हलवा पूर्ण निववून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवल्यास बरेच महिने टिकतो.

सद्यःस्थिती

बाजारात मिळणारा हलवा मोठ्या फिरत्या भांड्यांतही तयार केला जातो आणि बहुतेक घरांत आता तोच आणला जातो. घरी हलवा करण्याची विद्या प्रामुख्याने आई, आजी व सासू यांच्या शेजारी बसून शिकली जात असे. ‘आच मंद ठेवावी’, ‘पाक थोडा घालावा’ एवढेच पाककृतीत लिहिता येते. मंद म्हणजे किती आणि थोडा म्हणजे किती, हे परातीत फिरणाऱ्या बोटांना कळते. ज्या घरांत हलवा करणे थांबले, तेथे पाककृती वहीत राहिली तरी हा अंदाज पुढच्या पिढीकडे जात नाही. तो पुन्हा मिळवायचा तर चमचाभर तीळ आणि संक्रांतीच्या आधीचे दोन-तीन मोकळे दिवस एवढी सुरुवात पुरेशी आहे.