डिझेलच्या धुरातले 'समजा'

लहानपणी आपण सगळेच 'समज, मी शिपाई आणि तू चोर' असे म्हणत अंगण डोक्यावर घेत असू. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचे: पकडले की नाही? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या अमेरिकनांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात हा निवाडा फाशांवर सोपवला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात. प्रत्येकापुढे पात्राचा कागद असतो: बळ किती, बुद्धी किती, कसब कोणते. बँकेत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला तो खातेउताराच वाटतो. काय करायचे ते खेळणारा ठरवतो. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा पडतो.

यातल्या एका जातीला 'डिझेलपंक' म्हणतात. लुईस पोलॅक याने २००१ साली आपल्या 'चिल्ड्रन ऑफ द सन' या खेळासाठी हा शब्द घडवला. दोन महायुद्धांच्या काळातली इंजिने, विमाने, हेर आणि त्यांना कल्पनेची जोड, असे ते जग.

त्यासाठी परदेशाकडे कशाला पाहायचे? परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ मोटारबस रस्त्यावर आणल्या. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांत शस्त्रे भरून संस्थानात उतरवत होता. कादंबरीत असे पात्र घातले असते, तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत पाठवले असते!

तर समजा, १९४८ चा पावसाळा आहे. पूर्णा जंक्शन. एक फायरमन, एक मास्तरीणबाई, एक ट्रकड्रायव्हर आणि एक मुसलमान तारबाबू. मालगाडीच्या डब्यात काय आहे, ते तारबाबूला कळले आहे. बोलावे तर जिवाशी गाठ, न बोलावे तर शेजारच्या गावावर रझाकार येणार. आणि सप्टेंबरातल्या पोलिस कारवाईनंतर संस्थानात निरपराध मुसलमानही मारले गेले. तेव्हा याच तारबाबूसाठी दार कोण उघडणार?

दर १७ सप्टेंबरला आपली मुले झेंड्याला सलाम करतात. तारीख त्यांना पाठ असते. त्या तारखेपर्यंत साध्या माणसांनी काय काय ठरवले, ते ठाऊक नसते. ते दिवस पाहिलेले आजी-आजोबा आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना विचारून असा खेळ घरीच रचता येईल. लागतील कागद, पेन्सिल आणि फासे.

फासा जमले की नाही एवढेच सांगतो. दार उघडायचे की नाही, ते मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.